बाई येऊन गेल्या

“बाई येऊन गेल्या,” एवढं कुणी म्हणालं की आमच्या गावात पुढचा प्रश्न एकच असे, “कुणाकडं?” मग त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं नाव निघे आणि बोलणाऱ्यांचे आवाज आपोआप खाली येत. कुणीतरी हळूच म्हणे, “परवाच बघितलं की त्यांना. चांगले हिंडत हुते.”

बाई म्हणजे गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल. शाळेतल्या बाया ‘मॅडम’ झाल्या तेव्हापासून गावात ‘बाई’ या एकट्याच उरल्या होत्या. पन्नाशी उलटलेली, अंगानं किडकिडीत, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. गळ्यात कापडी पिशवी आणि पिशवीत दोन मोबाईल. चालायच्या अशा, की यांची एसटी सुटायला आलीय आणि तिकीट यांच्याच हातात आहे. नवऱ्याची पिठाची गिरणी होती. जाता-येता गिरणीत डोकावायची सवय असल्यामुळं त्यांच्या खांद्यावर कायम पांढरी भुकटी असे. गावातले टवाळ म्हणत, “नवरा दाणे दळतो, बायको म्हातारी दळते.”

नगर जिल्ह्यात, घोडेगावपासून आत, कोरडवाहू पट्ट्यात आमचं गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला निघून जातं. मागं राहतात म्हातारी माणसं, शेळ्या आणि शाळेची थोडी पोरं. वाचनालय बाजारतळाला लागून. एक पत्र्याचा हॉल, बाहेर पडवी. पडवीत सकाळी पेपर वाचणारे, हॉलमध्ये दिवसभर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं. भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी, आणि त्या पाटीखाली बसून बाई फोनवर ओरडून विचारत असत, “दवाखान्यात नेलं? कधी? बोलतात का अजून? शुद्धीवर आहेत ना?”

त्यांना गावाचा इतिहास गोळा करायचा होता. किल्ले, लढाया, सनदा यांतलं काही आमच्या गावाकडं नव्हतंच. बाई विचारत त्या गोष्टी वेगळ्या. प्यायचं पाणी कुठनं आणायचा? शाळा व्हायच्या आधी त्या जागेवर काय होतं? गावात पहिली सायकल कुणाची? तुमच्या गल्लीला ‘उपाशी गल्ली’ का म्हणतात? हे सगळं माहीत असलेली माणसं ऐंशीच्या पुढची, आणि ती भराभर चालली होती. बाईंना याची जी धास्ती होती ती मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही. रात्री ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की त्या उठून अंगणात येऊन उभ्या राहत, असं त्यांच्या नवऱ्यानंच सांगितलं होतं. झोपेतसुद्धा मध्येच विचारत, “रेकॉर्डिंग चालू आहे ना?”

त्यालाही कारण घडलं होतं. गावातल्या बहुतेक विहिरी खोदलेला एक म्हातारा होता. बाई एक अख्खी दुपार त्याच्यापाशी बसल्या. त्यानं कुठल्या विहिरीला कुठल्या बाजूनं झरा लागला, कुठं सुरुंग फसला, कुठं गडी दगावला, सगळं सांगितलं. घरी येऊन बघतात तर मोबाईलची मेमरी भरलेली. आवाजाचा एक शब्द उठलेला नाही. चार दिवसांनी पुन्हा गेल्या तर त्याच्या अंगणात मयताला आलेली माणसं डोक्याला टापशी बांधून बसलेली. तेव्हापासून दोन मोबाईल. बोलणारा रंगात आला की बाई हात वर करून म्हणायच्या, “थांबा हं,” आणि दोन्ही फोन आळीपाळीनं कानाला लावून बघायच्या. म्हातारी माणसं वैतागत. एक आजी म्हणाली होती, “सासरा मेला तिथवर आले हुते, आता परत पहिल्यापासून मारू का?”

वाचनालयात एक लोखंडी कपाट होतं. नवं, हिरव्या रंगाचं, आणि साफ रिकामं. वरच्या खणात फक्त एक मसाल्याचा डबा, त्यात या आठवणींचे पेनड्राइव्ह. बाकी पुस्तकं जागेअभावी भिंतीकडेला खाली रचलेली, तरी बाई त्या कपाटात एक पुस्तक ठेवू देत नसत. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, “बाई, पुस्तकं जमिनीवर आणि कपाट रिकामं? हा काय प्रकार आहे?”

“ते गावासाठी आहे, साहेब.”

“पण पुस्तकं खराब होतील ना.”

“पुस्तकं दुसरीकडं मिळतील,” बाई म्हणाल्या. “गाव कुठनं मागवू?”

साहेबांनी शेरा काय मारला ते माहीत नाही. पण त्या वर्षी वाचनालयाचा अनुदानाचा वर्ग वाढायचा तो वाढला नाही, आणि वाचनालयाचे अध्यक्ष, तेच गावचे सरपंच, बाईंवर जे चिडले ते कायमचे.

अपशकुनाची बोलवा मात्र बाईंनी स्वतःच्याच तोंडानं सुरू केली. आमच्या स्टँडवर श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागतात. बाई एसटीची पाटी वाचायच्या आधी ते वाचत. एकदा नवा फ्लेक्स दिसला, बाई घाईनं पुढं गेल्या, फोटो बघितला आणि सुटकेचा श्वास टाकून म्हणाल्या, “हं. यांचं घेऊन झालंय माझं.”

त्यांना म्हणायचं होतं, यांची आठवण माझ्याकडं नोंदवून झालीय. पण शेजारी उभ्या असलेल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य गावभर झालं. त्यात बाई जाणार कुणाकडं, तर सगळ्यांत थकलेल्या, अंथरुणाला लागलेल्या माणसाकडं. तो पुढं महिन्या-दोन महिन्यांत गेला तर त्यात नवल कसलं? पण भीतीपुढं हिशेब चालत नाही. बाई गल्लीत शिरल्या की ओट्यावरची म्हातारी आत नेली जाऊ लागली. एका घरच्यांनी तर भर दुपारी दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि स्वतः मागच्या दारानं आत जाऊन बसले.

मी या सगळ्यात आले ती अण्णांमुळं. आई गेल्यावर माझे वडील, अण्णा, गावात एकटे होते. त्यांना हृदयाचा झटका आला, नगरला अँजिओप्लास्टी झाली, आणि शहरात राहायला ते काही केल्या तयार होईनात. आमच्या शिक्षणसंस्थेचं एक हायस्कूल माहेरच्या गावात आहे. मी तिथं बदली मागून घेतली. नवरा आणि मुलगी नगरला, सावेडीतल्या फ्लॅटमध्ये, मी इकडं. शनिवारी दुपारी निघायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. मी नसले की शेजारीच राहणारी आत्या, म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, बघायची. मी एकुलती एक. त्यामुळं अण्णा खोकले तरी माझा हात गोळ्यांच्या डब्याकडं जायचा. रात्री त्यांच्या खोलीच्या दाराशी उभं राहून मी श्वास ऐकत असे.

दसऱ्याची सुट्टी होती. आत्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. फाटक वाजलं म्हणून मी बाहेर आले तर बाई.

“अगं, अण्णा आहेत का?”

शिकलेली, सवरलेली, वर्गात अंधश्रद्धेवर धडा शिकवणारी मी, पण तोंडातून निघालं, “झोपलेत.”

आतून अण्णांचा आवाज, “कोन हाय गं?”

“कुनी न्हाई!” आत्या ओरडली. “वाऱ्यानं फाटक वाजलं!”

बाई माझ्याकडं बघत होत्या, आत्याकडं बघत होत्या. मग वळल्या आणि समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. तासभर. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. फाटकाला हातही लावला नाही, तिथंच लिंबाखाली. तिसऱ्या दिवशीही. आत्यानं दारात मिरच्या-लिंबू बांधलं. “त्या बाईला उंबऱ्याच्या आत घेशील तर माझ्याशी गाठ हाय,” ती मला म्हणाली, “तुझ्या बापाला न्यायला आलीय ती.”

शेवटी मीच वाचनालयात गेले. येऊ नका, असं नीट शब्दांत सांगायचं ठरवूनच गेले होते. बाई रिकाम्या कपाटाचं दार फडक्यानं पुसत होत्या. मी बोलायच्या आधीच म्हणाल्या, “मला माहितीय लोक काय म्हणतात. मला कधी कधी वाटतं, खरंच असेल का गं तसं? मी येऊन गेले की माणसाला वाटत असेल का, चला, सांगून झालं, आता मोकळे?”

त्यांचे डोळे खोल गेले होते. मला वाटलं होतं बाईंना कशाचं काही नाही. उलटच होतं. गाव एकदा घाबरत होतं, बाई दोनदा; माणूस न सांगता जाईल म्हणून, आणि आपल्याला सांगून जाईल म्हणून.

“मग जाता कशाला, बाई?”

“न जाऊन कुणी राहिलंय का?” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला रस्त्याचं सांगितलं. गावापासून मोठ्या रस्त्याला मिळणारा आमचा रस्ता बहात्तरच्या दुष्काळात झाला. सरळ सुतात आखलेला; पण मधे एका ठिकाणी, काही कारण नसताना, धनुष्यासारखा वळतो आणि पुन्हा जागेवर येतो. कुणी म्हणे तिथल्या शेतमालकानं साहेबाला गाठलं. कुणी म्हणे म्हसोबाचं ठाणं होतं. कुणी म्हणे आखणी करणारा पिऊन आला होता. सरकारी माणसं सांगत, खाली खडक आहे.

“खडक नाहीये,” बाई म्हणाल्या. “त्या विहिरीवाल्या बाबांनी सांगितलं होतं मला, तिथं माती लोण्यासारखी आहे. मग रस्ता का वळला? त्या रस्त्यावर राबलेल्या टोळीत तुझे अण्णा होते. आता तेच उरलेत, आणि तुझी आत्या. ती माझं तोंड बघत नाही. आणि लोक म्हणतायत, रस्ता रुंद होणार आहे, वळण काढणार आहेत. वळण गेल्यावर कुणाला विचारू?”

घरी आले तर अण्णा खिडकीपाशी बसले होते. “त्यांना येऊ दे,” ते म्हणाले.

“कुणाला?”

“रोज त्या लिंबाखाली उभ्या ऱ्हात्यात. मला काय दिसत न्हाई व्हय? ये म्हनावं. उन्हात किती दिवस उभं करायचं बाईमानसाला.”

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. मी बीपीचं मशीन आणि जिभेखालची गोळी हाताशी ठेवली आणि दाराला टेकून उभी राहिले. आत्या ओसरीवर पाठ करून शेंगा फोडत बसली होती. बाईंनी दोन्ही मोबाईल स्टुलावर ठेवले, कानाला लावून बघितले, आणि विचारलं, “अण्णा, तो रस्ता तिथं का वळतो?”

अण्णांनी फोनांकडं बोट केलं. मग म्हणाले, “ते बंद करा अगोदर.”

मला वाटलं, बाई विनवण्या करतील. त्यांनी एक फोन बंद केला. अण्णा दुसऱ्याकडं बघत राहिले. त्यांनी तोही बंद केला आणि पिशवीत टाकला.

“बैलं घोडेगावच्या बाजारात मातीमोलानं गेली हुती,” अण्णा सांगू लागले. “वैरनच नव्हती. मग मी, हिची आई, ही माझी भन, समदी त्या रस्त्यावर. मी खडी फोडायचो, बाया माती वाहायच्या. कामावर सुकडी मिळायची, त्याच्यावर दिस जायचा. हिच्या आईला तवा लेक झालेली. महिन्याची बी नव्हती. झाडाला झोळी बांधून ठिवायची. उन्हाळा लागला, पानी गढूळ. हगवन लागली, आन दोन दिसांत गेली.”

ओसरीवर शेंगा फोडायचा आवाज थांबला होता.

“लहान लेकराला जाळत न्हाईत. तिथंच बांधाला, हिवराच्या झाडाखाली ठिवली. दुसऱ्या दिशी कामाला उभं ऱ्हायलो. करनार काय? खायचं काय? आठ दिसांनी साहेबाच्या मानसानं चुन्याची रेघ मारली पुढच्या कामाची. रेघ बरोबर हिवराखालनं गेली.”

त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं.

“हिची आई पुढं झाली. खाली बसली, त्या रेघंवर. मग मागल्या बाईनं टोपली खाली टाकली. मग तिच्या मागल्या. समद्या बाया बसल्या. मुकादम शिव्या द्यायला लागला. कुनीतरी त्याच्या कानात सांगितलं. तो गप झाला. त्याला बी लेकरं हुती. पायानं त्यानं ती रेघ पुसली, आन बाजूनं दुसरी मारली. साहेब आला तवा म्हनला, साहेब, खाली खडक हाय, सुरुंग लागंल. साहेब म्हनला, मंग घे वळवून. झालं.”

खोलीत पंखा फिरत होता. माझी एक बहीण होती, आणि मी तिच्या शेजारनं आयुष्यभर एसटीनं जात-येत होते. त्या वळणावर आई कधी खिडकीबाहेर बघत नसे. पदर तोंडावर ओढून खाली मान घालून बसे. मला वाटायचं, तिला गाडी लागते.

“नाव काय ठेवलं होतं?” बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

“बारशाला काय हुतं घरात?” अण्णा म्हणाले. “हे चारचौघांत मांडू नका, बाई. तिच्या आईनं कदी कुनाला सांगितलं न्हाई.”

“नाही मांडणार,” बाई म्हणाल्या.

मी बाहेर आले तेव्हा ओसरीवर अर्धवट फोडलेल्या शेंगांचं सूप तसंच पडलं होतं. आत्या घरी निघून गेली होती.

आणि मग ज्याची धास्ती होती तेच झालं. आठवडा गेला नसेल, अण्णांना पहाटे दरदरून घाम सुटला. गाडी करून नगरला नेलं. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसले असताना मला सारखी आत्याचीच वाक्यं ऐकू येत होती. गावात तर बोलायलाच नको. वाचनालयाच्या पडवीत पेपर वाचणारे येईनासे झाले. अभ्यासाची मुलंसुद्धा बाईंच्या टेबलासमोरनं न जाता मागच्या दारानं आत शिरायची. अध्यक्षांनी बाईंना सांगितलं, “बाई, पुस्तकं द्या-घ्या, बाकी बंद करा. नाहीतर राजीनामा द्या. तुमच्या पायगुणापायी वाचनालय मोडंल.”

हे मला नंतर कळलं. मला फक्त रोज सकाळी बाईंचा फोन यायचा. “हॅलो” नाही, “कशी आहेस” नाही. एकच शब्द, “अण्णा?” मी म्हणायची, “आहेत.” पलीकडून श्वास सुटल्याचा आवाज, आणि फोन बंद.

अण्णा राहिले. अशक्त झाले, पण घरी आले. आम्ही येत होतो तेव्हा त्या वळणावर रंगीत झेंड्या रोवलेल्या दिसल्या. रस्ता मोजणारी माणसं आली होती. वळण काढून सरळ रुंद रस्ता होणार होता. अण्णांनी गाडीच्या काचेतनं त्या झेंड्या बघितल्या, आणि घरी आल्यावर जेवले नाहीत.

ग्रामपंचायतीच्या इमारतीचं काम चालू होतं म्हणून त्या वेळची ग्रामसभा वाचनालयाच्या हॉलमध्ये भरली. रस्त्याचे तरुण इंजिनिअर नकाशा घेऊन आले होते. गावकरी खूश होते. रस्ता कुणाला नको असतो? मी मागं भिंतीला टेकून उभी होते. बोलावं तर अण्णांनी मना केलेलं, न बोलावं तर खोदायचं मशीन येणार. तेवढ्यात बाई टेबलामागनं उठल्या.

“वळण तसंच ठेवा,” त्या म्हणाल्या.

हॉलमध्ये हसू फुटलं. इंजिनिअर अदबीनं म्हणाले, “मॅडम, कारण?”

“कारण आहे. मी सांगणार नाही.”

“अहो, जगाला प्रश्न विचारत हिंडता,” अध्यक्ष म्हणाले, “आन आपल्यावर आलं की सांगणार नाही? नोंद करायला कारण लागतं.”

“लागतं. पण ते माझं नाही, म्हणून मला सांगता येत नाही.” “मी एवढंच सांगते, आजवर मी गावात कुणाचं खोटं सांगितलेलं नाही.”

मागनं कुणीतरी ओरडलं, “बाई, खाली बसा! आता रस्त्याचं बी घेऊन झालं का?” पुन्हा हशा. बाई बसल्या नाहीत. मला त्यांच्याकडं बघवेना. ज्या एका गोष्टीसाठी त्या उन्हात उभ्या राहिल्या होत्या, ती त्यांच्या तोंडाशी होती, आणि ती सांगितली असती तर आख्खा हॉल गप्प झाला असता. त्यांनी ओठ मिटून घेतले होते.

“मी सांगते.”

आत्या दारात उभी होती. ती कधी आली ते मी पाहिलंच नव्हतं. डोक्यावरचा पदर सारखा करत ती बायकांच्या मधनं पुढं आली.

“तिथं माझ्या भावाची लेक हाय,” ती म्हणाली. “माझ्या मांडीवर गेली ती. वहिनी माती वाहत हुती आन मी झोळीपाशी हुते. लहानच हुते मी. मला कळलंच न्हाई, झोपली का गेली.”

अण्णांनी सांगितलेलं सगळं तिनं तिच्या तोंडानं सांगितलं. बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला, जणू कुणी तिच्यावर आळ घेतला होता. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिला बाईंच्या पायगुणाची भीती वाटतच नव्हती. तिला बाईंच्या प्रश्नाची भीती होती.

मग कोपऱ्यातून एक म्हातारी, जिला दोन्ही बाजूंनी धरून आणलं होतं, म्हणाली, “टोपली मी टाकली हुती. पयली. माझ्या मागं समद्यांनी.” तिच्या सुनेनं चमकून तिच्याकडं पाहिलं. अण्णा आणि आत्याशिवाय त्या टोळीतलं कुणी उरलं नाही, अशी बाईंची समजूत होती. ही म्हातारी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली आणि आता, लेक इथं येऊन राहिल्यावर, त्याच्याकडं परत आलेली. तिच्या घरानं बाईंना कधी ओट्यापर्यंतही येऊ दिलं नव्हतं.

इंजिनिअर नकाशाकडं बघत होते. त्यांनी अध्यक्षांना विचारलं, दुसऱ्या बाजूला काय आहे? गायरान आहे, असं कळलं. “मग रुंदी तिकडनं घेता येईल,” ते म्हणाले. “वळण पूर्ण निघणार नाही, कमी होईल. तसा ठराव करून द्या, मी वर पाठवतो.” आणि गावानं ठराव केला. ज्यानं मागनं टोमणा मारला होता त्याचाही हात वर होता.

सभा संपल्यावर मी आत्याला विचारलं, “अण्णांना काय सांगशील?”

“काय सांगायचं? त्यानंच धाडली मला,” ती म्हणाली. “म्हनला, तुझी वहिनी आता न्हाई, मी हालू शकत न्हाई. तू जा.”

बाईंचा राजीनामा कुणी पुन्हा मागितला नाही. गाव एका दिवसात बदललं असंही नाही. अजून काही घरांत बाई दिसल्या की म्हातारी आत जाते. पण बाजाराच्या दिवशी काही म्हाताऱ्या वाचनालयाच्या पडवीत येऊन बसू लागल्या, आणि आठवणीवरनं भांडू लागल्या. पहिली सायकल कुणाची, यावरनं एकदा हातघाईवर आलं. बाई दोन्ही मोबाईल धरून मधे बसलेल्या, आणि “एकेक बोला हो, एकेक!” असं शांततेच्या पाटीखाली ओरडत होत्या.

दुसऱ्या वर्षी रस्ता झाला तेव्हा ऊस तोडणीचा हंगाम भरात होता. अण्णा म्हणाले, “मला घिऊन चल एकदा.” नवऱ्याची गाडी मी गावी आणली होती. मागं अण्णा आणि आत्या, पुढं माझ्या शेजारी बाई. अण्णांनीच त्यांना बोलावून घेतलं होतं. वाटेत बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही.

वळणावर गाडी कडेला घेतली. हिवराचं झाड कधीच गेलेलं होतं. नव्या डांबराच्या कडेला मुरूम, त्याच्या खाली उतार, मग तुरीचं रान. अण्णा काठी टेकत उतरले. थोडं पुढं गेले, पुन्हा मागं आले. जागा सापडेना. आत्या म्हणाली, “अजून जरा इकडं, दादा.” दोघं बहीण-भाऊ मुरमावर इकडं-तिकडं करत राहिले आणि एका ठिकाणी थांबले. अण्णांना वाकता येत नव्हतं. आत्यानं त्यांना धरून खाली बसवलं.

तेवढ्यात मागनं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला. स्पीकरवर कसलं तरी धांगडधिंगा गाणं, काचा हादराव्यात असं. मी गाडीतनं उतरायच्या आत बाई उतरल्या होत्या. पिशवी गळ्यात तशीच, हात वर करून त्या रस्त्याच्या बरोबर मधे जाऊन उभ्या राहिल्या. ट्रॅक्टरवाल्यानं करकचून ब्रेक दाबला. ऊस भरलेल्या ट्रॉल्या एकमेकींवर आदळत थांबल्या.

“ओ बाई! मराल की!”

“गाणं बंद कर,” बाई म्हणाल्या.

“आन का म्हनून? काय झालं?” पोरगा सीटवरनं उठून कडेला बघू लागला. त्याला मुरमात बसलेली दोन म्हातारी माणसं दिसली. “कोन हाय तिथं?”

“लेक आहे त्यांची,” बाई म्हणाल्या.

मग त्यानं हात लांबवून गाणं बंद केलं, आणि त्यानंतर इंजिनसुद्धा.